शब्दप्रमाण आणि पवित्र शास्त्र

अंधेरीजवळच्या मरोळ-कोंडिविटे भागातील जुन्या गावठाणांत ईस्ट इंडियन कॅथलिक समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे, आणि त्याच उपनगरांत पुढे नोकरीधंद्यासाठी नगरकडून आलेली मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबेही स्थिरावली. दोघांच्याही घरी बायबल असते आणि दोघेही त्याला देवाचे वचन म्हणतात. तरीही ‘हे वचन पूर्ण सत्य आहे’ या विधानाचा दोघांचा अर्थ तंतोतंत एक नाही. पुढील संवाद त्या अर्थाविषयी आहे.

जिज्ञासू : मीमांसक वेदांना जसे अंतिम प्रमाण मानत, तसेच ख्रिस्ती मनुष्य बायबलला मानतो, असे समजावे काय?

अभ्यासक : तसे समजल्यास आरंभीच घोटाळा होईल. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेले आहेत, आणि कर्ताच नसल्यामुळे कर्त्याचे दोषही त्यांना चिकटत नाहीत. बायबलविषयी असा दावा नाही. पौलाची पत्रे पौलाची आहेत, आणि लूकने तर आपण नीट चौकशी करून वृत्तांत लिहीत आहोत असे आरंभीच नमूद केले आहे. ख्रिस्ती मताचा आधार ‘प्रेरणा’ या संकल्पनेवर आहे, आणि तिचा अर्थ असा की लेखकाने स्वतःच्या भाषेत व स्वभावानुसार लिहिले, परंतु लिहविता देव होता. वेदाचा कर्ता ईश्वर आहे म्हणून तो प्रमाण, असे म्हणणाऱ्या नैयायिकांना ही भूमिका अधिक जवळची वाटली असती, जरी येथे मध्ये माणसाचा हात उरतोच.

जिज्ञासू : पण हात माणसाचा असेल तर चूकही माणसाची शिरणार. बायबलातील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात पशू आधी आणि मनुष्य नंतर निर्माण होतो, दुसऱ्या अध्यायात मनुष्य आधी येतो. दोन्ही पूर्ण सत्य कसे?

अभ्यासक : येथेच वाटा फुटतात. शास्त्र इतिहासात किंवा सृष्टीविषयक विधानांतही चुकत नाही, असे मानणारे दोन्ही अध्यायांचा मेळ घालून दाखवतात. १९७८ साली शिकागो येथे अशा प्रॉटेस्टंट विद्वानांनी ही भूमिका सविस्तर मांडली, परंतु त्यांनीही निर्दोषत्वाचा दावा मूळ हस्तलिखितांपुरताच ठेवला, आणि ती हस्तलिखिते आज कोठेही उपलब्ध नाहीत. कॅथलिक चर्चने दुसरी दिशा घेतली. पोप बाराव्या पायसने १९४३ मध्ये प्राचीन लेखनप्रकार ओळखूनच अर्थ लावण्यास मोकळीक दिली, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये असे सांगितले की देवाने माणसाच्या तारणासाठी जे सत्य शास्त्रात नोंदवून ठेवू इच्छिले, ते शास्त्र अचूक शिकवते. यातील ‘तारणासाठी’ या शब्दावर सगळा भार आहे, आणि त्यावरचा वाद अद्याप संपलेला नाही.

जिज्ञासू : हा भेद मरोळच्या घरापर्यंत पोहोचतो का?

अभ्यासक : तो पुस्तकाच्या जाडीपासूनच दिसतो. १५४६ मध्ये ट्रेंट येथील परिषदेने निश्चित केलेल्या कॅथलिक यादीत ७३ पुस्तके आहेत, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. म्हणजे ‘शास्त्र पूर्ण सत्य आहे’ असे म्हणण्याआधी शास्त्र कोणते, हे कोणीतरी ठरवावे लागतेच. साष्टीत, म्हणजे याच भागात, पोर्तुगीज अमलात १५७९ मध्ये कोंडिविट्याचे चर्च उभे राहिले तेव्हापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि सामान्य भाविकाला शास्त्र भेटे ते धर्मगुरूच्या तोंडून, चित्रांतून व सणांतून. याउलट १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी १८२६ पर्यंत संपूर्ण नवा करार मराठीत छापला आणि छापील पुस्तक लोकांच्या हाती ठेवले.

जिज्ञासू : हाती पुस्तक आले की अधिकार वाचणाऱ्याकडे जातो, असे म्हणायचे का?

अभ्यासक : पंडिता रमाबाईंच्या बाबतीत नेमके तेच घडले, आणि मराठीत या प्रश्नाचे त्यांच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नसावे. पुराणिक अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येचे बालपण शास्त्रवचन शब्दशः पाळणाऱ्या घरात गेले, आणि दुष्काळात शास्त्रोक्त व्रते व दाने कामास आली नाहीत हे त्यांनी पाहिले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी तेथील अँग्लिकन भगिनींशी आणि पुढे चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून वाद घातला. त्यांचा आक्षेप ख्रिस्ताला नव्हता. त्रैक्याच्या, म्हणजे एका देवात पिता, पुत्र व पवित्र आत्मा आहेत या सिद्धांताच्या, चर्चने घडवलेल्या सूत्राला होता, कारण ते शब्द बायबलात आढळत नव्हते. पुढे त्यांचे मत बदलले, तरी कोणत्याही धर्माधिकाऱ्यापेक्षा वचन मोठे, हा हट्ट त्यांनी सोडला नाही. शास्त्राला निरपेक्ष सत्य मानणे म्हणजे निमूट मान तुकवणे, हा सरसकट समज येथे टिकत नाही.

जिज्ञासू : मात्र रमाबाई बायबल भाषांतरातच वाचत असणार, आणि भाषांतर तर माणसाचेच.

अभ्यासक : ही अडचण त्यांनी पूर्ण ओळखली होती. प्रत्येक शब्द बांधील असेल तर मराठीतील कोणता शब्द बांधील, हा प्रश्न चुकत नाही. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द ख्रिस्ती अर्थाबरोबर वेदान्ताचा अर्थही आत आणतात, आणि खेड्यातील बाईला ते कळतही नाहीत, असे त्यांचे मत होते. म्हणून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले, आणि तेथील स्त्रियांनीच ते छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

जिज्ञासू : आज उपासनेत तेच वाचले जाते का?

अभ्यासक : नाही, मराठी प्रॉटेस्टंट मंडळींत साधारणपणे बायबल सोसायटीचेच ‘पवित्र शास्त्र’ उघडले जाते, आणि रमाबाईंनी पारखून टाळलेले अनेक संस्कृत शब्द रविवारी मोठ्याने, श्रद्धेने वाचले जातात.