आधी तारा, मग विमान: एस.ई.५ए ची १/४८ प्रतिकृती

द्विपंखी विमानाच्या मॉडेलवर तारा लागतात सगळ्यात शेवटी, पण विचार सगळ्यात आधी त्यांचाच करावा लागतो. हे मला दुसऱ्या मॉडेलवर कळलं. वरचा पंख चिकटवला, रंगवला, डिकल लावले आणि मग तारांसाठी भोकं पाडायला बसलो. दोन पंखांमध्ये जेमतेम तीन सेंटिमीटर जागा. त्यात ड्रिल सरळ उभं राहीना. तिरकं धरून जोर लावला आणि डावीकडचा स्ट्रट, म्हणजे दोन पंखांमधला खांब, मुळातून तुटला, सोबत पंखावरचा रंगही उचलून घेऊन गेला. त्यानंतर मी प्रत्येक द्विपंखी विमान तारांपासून उलटं मोजत आणतो. पुढची कृती त्याच क्रमाने लिहिली आहे.

विमान निवडलं आहे एस.ई.५ए. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत या घराण्याचा आराखडा झाला आणि पहिलं उड्डाण २२ नोव्हेंबर १९१६ ला झालं. एकेका बाजूला स्ट्रटची एकच जोडी असल्यामुळे तारा आटोक्यात राहतात, म्हणून पहिल्या द्विपंखी मॉडेलसाठी ते उत्तम. दुसरं कारण इंद्रलाल रॉय. कोलकात्याचा हा मुलगा पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१७ मध्ये, विमान अपघातात जबर जखमी झाला. बरं होण्याच्या काळात त्याने विमानांची कितीतरी रेखाटनं काढली, त्यातली बरीच आजही टिकून आहेत. पुढे ब्रिटिश हवाई दलाच्या ४० स्क्वॉड्रनमधून एस.ई.५ए उडवत ६ ते १९ जुलै १९१८ या दोन आठवड्यांत त्याने दहा विजय नोंदवले आणि २२ जुलैला फोकर विमानांशी झुंजताना तो पडला. वय एकोणीस. त्याच्या काही दिवस आधी, जूनमध्ये, मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर पश्चिम आघाडीवरच सॉपविथ डॉल्फिन उडवताना पाडले गेले आणि त्यातून वाचले नाहीत. आपल्या माणसांनी ही विमानं उडवली आहेत, तेव्हा ती नीट बांधावीत असं मला मनापासून वाटतं.

सामान

एडुआर्डचा १/४८ संच धरून मी लिहितो आहे. दुसरा संच असला तरी क्रम तोच. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ८.११ मीटर आणि लांबी ६.३८ मीटर, म्हणजे मॉडेल साधारण १६९ मिमी रुंद आणि १३३ मिमी लांब होतं. तळहातावर मावतं.

स्प्रू कटर, नवीन पात्याची सुरी, ४०० ते १००० नंबरचा पॉलिश पेपर, टोकदार चिमटा, पातळ प्लॅस्टिक सिमेंट, सुपरग्लू, मास्किंग टेप, हाताने फिरवायचं ड्रिल आणि त्याची ०.३ मिमीची पाती. पाती चार-पाच आणून ठेवा, दोन तरी मोडणारच. तारांसाठी सगळ्यात बारीक तंगूस, ०.१ मिमीच्या आसपासची. खऱ्या विमानावरची ६ मिमीची तार १/४८ मध्ये ०.१२५ मिमी होते. त्यापेक्षा जाड दोरा लावला तर विमान पिंजऱ्यात ठेवल्यासारखं दिसतं.

पहिला दिवस: कागद आणि भोकं

संचाच्या पुस्तिकेतलं तारांचं चित्र झेरॉक्स करून मोठं करा आणि रंगीत पेन्सिली घ्या. दोन्ही पंखांमध्ये तीन जातीच्या तारा असतात. खालच्या पंखाच्या मुळापासून निघून बाहेर वर, स्ट्रटच्या माथ्याकडे जातात त्या उड्डाणाच्या तारा: हवेत पंख वर उचलला जातो तेव्हा त्याला त्या खाली धरून ठेवतात. वरच्या पंखाच्या मध्यापासून बाहेर खाली, स्ट्रटच्या पायाशी येतात त्या उतरण्याच्या तारा: जमिनीवर पंखाचं वजन त्यांच्यावर असतं. पुढच्या आणि मागच्या स्ट्रटमध्ये फुलीसारख्या असतात त्या पंखाचा कोन राखणाऱ्या. तिन्हींना वेगळा रंग द्या, प्रत्येक तारेला नंबर द्या आणि दोन्ही टोकांना ठिपका काढा. कुठली तार कशासाठी आहे हे डोक्यात बसलं की चुकीच्या भोकात ती जातच नाही.

या तारा आणि स्ट्रट शोभेचे नव्हते. दुसऱ्या नमुना विमानाचा पंख हवेत निकामी झाला आणि २८ जानेवारी १९१७ ला चाचणी वैमानिक फ्रँक गुडन त्यात गेले. पंखांचे सांधे मजबूत केल्यावरच विमान पुढे गेलं.

आता स्प्रू कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवा आणि दुसरं काहीही करण्याआधी भोकं पाडा. वरच्या पंखाच्या खालच्या बाजूला फक्त एक मिलिमीटर खोल, आरपार नाही. खालच्या पंखाला आरपार, आणि तार ज्या दिशेने येणार त्या दिशेला ड्रिल कललेलं. आधी सुईने खूण टोचा, नाहीतर पातं घसरतं. घाई करू नका. यात एक अख्खी संध्याकाळ जाते.

कॉकपिट

एस.ई.५ए मध्ये वैमानिकाभोवती लाकूड होतं आणि मॉडेलमध्ये ते प्लॅस्टिकवर रंगवायचं असतं. मला सगळ्यात आवडणारं काम हे. आधी फिकट बदामी ॲक्रिलिकचा सपाट हात, तामियाचा एक्सएफ-५७ चालतो. रात्रभर वाळू द्या. बर्न्ट सिएना या तैलरंगाचा मुगाएवढा ठिपका पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास ठेवा, म्हणजे जादा तेल पुठ्ठा पिऊन घेतो. मग चपटा, थोडा राठ झालेला ब्रश त्यात बुडवून जवळजवळ कोरडा पुसा आणि भागाच्या लांबीने एकाच दमात ओढा. केसांच्या फटीतून खालचा बदामी रंग बारीक रेघांनी दिसत राहतो आणि त्याच लाकडाच्या शिरा. नाही आवडलं तर कापडाने पुसून पुन्हा ओढा, तैलरंग तेवढा वेळ देतो. एक फळी गडद, शेजारची फिकट ठेवा. शिरा लांबीच्याच दिशेने गेल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर डोळ्याला लगेच खटकतं.

वाळायला तीन दिवस. त्यावर तामियाच्या एक्स-२६ या पारदर्शक नारिंगीचा अगदी पातळ हात दिला की वॉर्निशची झळाळी येते. पंख्याचं लाकूडही याच वेळी रंगवून घ्या. मात्र आपला संच कुठल्या इंजिनाचा आहे ते बघा: गिअरवाल्या २०० अश्वशक्तीच्या हिस्पानो-सुइझाला साधारणपणे चार पात्यांचा पंखा, वूल्सली व्हायपरला दोन पात्यांचा.

आसन, पट्टे, घड्याळं बसवून धडाचे दोन भाग जोडा, सांधा घासा, खालचा पंख आणि शेपूट चिकटवा. खालचा पंख दोन्हीकडे पाच अंशांनी वर गेला पाहिजे, म्हणजे टोक मुळापेक्षा सुमारे सहा मिलिमीटर उंच. सिमेंट ओलं असतानाच दोन्ही टोकांखाली पुस्तकांच्या सारख्या उंचीच्या थप्प्या ठेवा. वरचा पंख वेगळाच ठेवायचा.

रंग

वरच्या आणि बाजूच्या रंगाचं नाव पी.सी.१०. पिवळसर गेरू आणि काजळी मिसळून तो बनवत. कापडावर, वॉर्निशखाली, उन्हात त्याची छटा बदलत जायची, म्हणून कुणाला तो तपकिरी वाटतो तर कुणाला हिरवट. एकच बरोबर छटा शोधत बसू नका. मी तामियाच्या ऑलिव्ह ड्रॅबमध्ये (एक्सएफ-६२) पाचाला एक या प्रमाणात रेड ब्राउन (एक्सएफ-६४) घालतो आणि पंखाच्या मधल्या कप्प्यांवर तोच रंग थोडा फिकट करून मारतो. पंखाखाली न रंगवलेल्या तागाच्या कापडाचा सायीसारखा रंग. त्यासाठी एक्सएफ-५७ मध्ये निम्मा पांढरा. आधी खालचा फिकट रंग, मग मास्किंग, मग वरचा गडद.

हे काम पावसाळ्यात टाळलेलं बरं. कोकणात किंवा मुंबईत जुलैच्या हवेत लॅकर थिनरने पातळ केलेला रंग मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर दुधी सावट येतं. थांबणं शक्य नसेल तर दारं-खिडक्या बंद करू नका, कारण वाफ छातीत जाते. त्याऐवजी ॲक्रिलिक रंग ब्रशने पातळ हातांनी द्या.

डिकलआधी चकचकीत वॉर्निश, नाहीतर डिकलखाली हवा राहून चंदेरी डाग दिसतात. शेपटीच्या सुकाणूवर निळा पट्टा पुढे, मध्ये पांढरा, मागच्या कडेला लाल. हा क्रम उलटा झालेली मॉडेल मी प्रदर्शनातही पाहिली आहेत. डिकल बसले की सगळ्यावर अर्धवट चमकेचा वॉर्निश.

वरचा पंख

मॉडेल सुंदर होणार की नाही ते इथे ठरतं. पुस्तिकेतल्या बाजूच्या चित्राची मूळ मापाची झेरॉक्स जाड पुठ्ठ्यावर चिकटवा आणि दोन्ही पंखांच्या आकाराच्या खाचा कापा. असे दोन साचे करा, डाव्या आणि उजव्या बाजूसाठी एकेक. साच्यात बसवलं की वरचा पंख खालच्यापेक्षा किती पुढे आणि किती उंच हे आपोआप ठरतं.

पंख बसवण्याआधी तारा. तंगुशीचे बारा सेंटिमीटरचे तुकडे कापा आणि काळ्या परमनंट मार्करच्या टोकाखालून ओढून घ्या. सुपरग्लूचा ठिपका बाटलीच्या झाकणावर काढा, तुकड्याचं टोक त्यात बुडवा आणि वरच्या पंखाच्या भोकात उभं धरा. वीस मोजा. सगळे लागल्यावर पंख उलटा केला की त्याला द्राक्षाच्या वेलीसारखे धागे लोंबताना दिसतील. ते वरच्या बाजूला वळवून नंबराच्या चिठ्ठ्यांसह टेपने चिकटवा.

मग मधले चार स्ट्रट धडावर आणि बाहेरचे खालच्या पंखावर उभे करा, सिमेंट मऊ असतानाच वरचा पंख ठेवा आणि दोन्ही साचे चढवा. समोरून बघा, मागून बघा, शेपटीशी डोळा लावून बघा. दोन्ही पंखांच्या कडा समांतर दिसल्या की हात काढा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.

तारा ओढणं

साचे काढा. मध्याजवळच्या तारांपासून सुरुवात करून बाहेर जा. एक डावी, तिचीच जोडीदार उजवी, असं आळीपाळीने. एकाच बाजूच्या सगळ्या तारा आधी ताणल्या तर पंख तिकडे वळतो आणि पुन्हा सरळ होत नाही. धागा खालच्या पंखाच्या भोकातून चिमट्याने ओवा, विमान उंच ठोकळ्यांवर ठेवा आणि धाग्याच्या टोकाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावून सोडा. त्याच्या वजनाएवढा ताण पुरतो. भोकाशी सुईच्या टोकाने सुपरग्लू लावा, दहा मिनिटांनी नवीन पात्याने धागा पंखालगत कापा. भोक पुट्टीने भरून वर फिकट रंगाचा ठिपका द्या. आरपार भोकं खालच्या पंखाला ठेवली ती एवढ्यासाठी, पोटाखालची दुरुस्ती कुणाला दिसत नाही.

एखादी तार सैल राहिली तर पेटती उदबत्ती तिच्यापासून अर्धा सेंटिमीटरवर धरून हळूच पुढे न्या. नायलॉन आक्रसतं आणि तार टणक होते. अंतर कमी झालं तर मात्र क्षणात तुटते, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवून घ्या.

खऱ्या ब्रिटिश विमानांवर या तारा गोल नव्हत्या. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून त्या चपट्या, धारेसारख्या ओढलेल्या असत. पुढच्या मॉडेलला चपटा लवचीक धागा वापरून बघा, तो समोरून जवळजवळ दिसेनासा होतो आणि बाजूने उजेडात चमकतो. त्याला पीळ पडू द्यायचा नाही आणि उदबत्तीही दाखवायची नाही.

राहिलेलं

चाकं, पंखा, वाऱ्याची काच. वरच्या पंखावरची ल्युईस बंदूक सगळ्यात शेवटी बसवा, कारण मधेच तिला हात लागतोच. ती ज्या वळणदार रुळावर बसते त्यावरून वैमानिक तिला खाली ओढून गोळ्यांचा डबा बदलत असे, तेव्हा रूळ कॉकपिटकडे उतरलेला असायला हवा. धुराड्यांच्या मागे धडावर काळ्या-तपकिरी पावडरचा हलका हात आणि चाकांना सुक्या मातीचा रंग, बस.

धूळ मऊ मेकअप ब्रशने झटका, आणि तीही तारेच्या लांबीने. मॉडेल उचलायचं ते इंजिनाखाली एक बोट आणि शेपटीच्या मुळाशी दुसरं ठेवून. पंखांना हात लावायचा नाही.