हीनवीर्य व कालबाह्य औषधांची विल्हेवाट : वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

औषधी द्रव्य कोणत्या भूमीतून, कोणत्या ऋतूत व कोणत्या अवस्थेत घ्यावे, ते कसे साठवावे, त्याचा कल्प कसा सिद्ध करावा आणि तो कोणत्या अनुपानाने द्यावा, याचे सविस्तर विवेचन आपल्या ग्रंथांत आहे. रुग्णाकडे उरलेल्या औषधाचे काय करावे, याचा विचार मात्र आपण अभावानेच करतो. वैद्य रुग्णापुरते औषध सिद्ध करून देत असे, तेव्हा हा प्रश्न लहान होता. आज घराघरांतील कपाटात अर्धवट वापरलेल्या बाटल्या, चूर्णांचे डबे, गोळ्यांच्या पट्ट्या आणि नाव नसलेल्या पुड्या साठलेल्या असतात. त्या टाकाव्यात कशा, हे रुग्णाला कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा कल्पनानिहाय विचार केला आहे.

शास्त्र व कायदा

कालानुसार औषधाचे वीर्य कमी होते, हे शार्ङ्गधराचार्यांनी स्पष्ट सांगितले आहे. चूर्ण दोन महिन्यांनंतर आणि गुटी व अवलेह एक वर्षानंतर हीनवीर्य होतात. आसव, धातू व रस मात्र जुने झाल्यावर अधिक गुणयुक्त मानले जातात. आधुनिक काळात औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील १६१-ब या नियमाने कल्पनानिहाय सवीर्यता अवधी ठरवून दिले असून वेष्टनावर अंतिम दिनांक छापणे बंधनकारक केले आहे. वेष्टन, साठवण व निर्मितीपद्धती बदलल्यामुळे ग्रंथोक्त काळ व कायद्यातील काळ यांत अंतर आहे. व्यवहारात वेष्टनावरील दिनांकच प्रमाण मानला पाहिजे. तो उलटण्यापूर्वीही चूर्णास बुरशी लागली, घृत-तैलास खवट वास आला किंवा अवलेहाचा वर्ण, गंध व रस बदलला, तर ते औषध दूषित समजून त्याज्य मानावे.

‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक नव्हे

आयुर्वेदीय औषध निसर्गातून आले, ते निसर्गातच गेले तर काय बिघडले, असा समज सर्वत्र आढळतो. म्हणून कोणी उरलेल्या गोळ्या तुळशीच्या कुंडीत घालतो, कोणी निर्माल्याबरोबर नदीत सोडतो, तर कोणी पाण्याच्या बंबात टाकतो. आवळ्याच्या चूर्णाबाबत हा समज बहुतांशी खरा ठरेल. रसकल्पांबाबत तो धोकादायक आहे.

हिंगुळास लिंबाच्या रसाची भावना देऊन ऊर्ध्वपातन यंत्रात अग्नी दिला की पारद वरच्या पात्रास चिकटतो, हे आपण सर्वांनी महाविद्यालयात पाहिले आहे. हिंगुळ किंवा कज्जली असलेली गोळी बंबात वा चुलीत टाकली असता हीच क्रिया घडते. फरक एवढाच, की तेथे पारद धरून ठेवणारे वरचे पात्र नसते. पारदाची वाफ घरात पसरते व श्वासावाटे शरीरात जाते. हिंगुळ-कज्जलीरूप पारद पाण्यात सहज विरघळत नाही, हे खरे आहे. परंतु मूलद्रव्य म्हणून तो कधीच नष्ट होत नाही. पाण्याच्या तळाशी साचलेल्या गाळातील पारदाच्या काही भागाचे सूक्ष्म जीव अधिक विषारी संयुगात रूपांतर करतात व ते माशांत साठते. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातून अशा संयुगाने मोठा अनर्थ घडविला. त्या गावाचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१८ मध्ये अनुसमर्थित केला. नागभस्मातील शिशाबाबतही तेच म्हणावे लागेल. कालाने क्षीण न होणे हा रसकल्पांचा गुण आहे. टाकून दिल्यावर तोच त्यांचा दोष ठरतो.

कल्पनानिहाय विल्हेवाट

१) केवळ काष्ठौषधींची चूर्णे व काढ्याचे भरड : वेष्टनातून काढून ओल्या कचऱ्यात किंवा विहिरीपासून दूर असलेल्या खतखड्ड्यात मिसळावे. गुरांना घालू नये. लवणभास्कर, हिंग्वाष्टक यांसारखी सलवण चूर्णे झाडांच्या मुळाशी टाकू नयेत.

२) आसव, अरिष्ट व अर्क : घरगुती अल्प प्रमाण भरपूर पाण्याबरोबर सांडपाण्याच्या मोरीत सोडता येते. ओढा, विहीर व तलाव वर्ज्य. रिकामी बाटली धुऊन तिच्यावरील नावाची चिठ्ठी काढून टाकावी. त्या बाटलीत फिनेल वा रॉकेल कदापि भरू नये; औषध समजून ते प्याले जाण्याचा धोका लहान मुलांना व दृष्टी मंद झालेल्या वृद्धांना अधिक असतो.

३) घृत, तैल, अवलेह व पाक : मोरीत ओतल्यास नळ तुंबतो. लाकडाचा भुसा, माती वा राख यांत शोषून घेऊन पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावे. अवलेह गोड असल्याने राख मिसळून तो अभक्ष्य करावा. जुने तैल दिव्यास वापरण्याची पद्धत आहे; सिंदूरयुक्त तैल किंवा मलम मात्र कधीही जाळू नये, कारण सिंदूर हा शिशाचा कल्प आहे.

४) वत्सनाभ, कुचला, धत्तूर, जयपाल, भल्लातक, अहिफेन इत्यादींचे कल्प : ही द्रव्ये कायद्याच्या अनुसूची ई-१ मध्ये विषद्रव्ये म्हणून नोंदली आहेत व त्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. हे कल्प खतखड्ड्यात किंवा उघड्या कचऱ्यात टाकू नयेत. मूळ वेष्टनासह वैद्याकडे परत आणावेत.

५) रसकल्प व भस्मे : जाळू नयेत, पाण्यात सोडू नयेत, मातीत पुरू नयेत. त्रिभुवनकीर्ती व आरोग्यवर्धिनी ही नित्य वापरातील औषधे याच वर्गातील आहेत, याची रुग्णाला बहुधा कल्पना नसते. परत देण्याची सोय होईपर्यंत ती झाकणबंद बरणीत, नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत.

घरातील आधुनिक औषधे

आपल्या रुग्णाच्या घरी प्रतिजैविके, वेदनाशामके व निद्राकारक गोळ्याही असतात आणि त्यांविषयीही तो आपल्यालाच विचारतो. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करून सोडल्यानंतरही त्यात दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. घरातून जाणारे प्रमाण त्या मानाने अत्यल्प असले, तरी पाण्यातील प्रतिजैविकांमुळे जंतूंना औषध न जुमानण्याची सवय लागते, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच. म्हणून ही औषधे मोरीत टाकू नयेत. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत फेन्टॅनिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, डायझेपाम यांसारखी १७ औषधे अपवाद म्हणून सांगितली आहेत. घरात राहिल्यास त्यांपासून संभवणारी प्राणहानी व त्यांचा दुरुपयोग लक्षात घेऊन ती शौचकूपात सोडावीत, असे त्यात म्हटले आहे. केरळने २०२५ मध्ये कोझिकोड येथून घरोघरची न वापरलेली औषधे गोळा करण्याची योजना सुरू केली. तिचे अनुकरण करण्यासारखे आहे.

चिकित्सालय व दुकान

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांच्या कक्षेत दवाखान्यांबरोबर आयुष रुग्णालयांचाही स्पष्ट उल्लेख आहे. कालबाह्य औषधे त्यांतील पिवळ्या वर्गात येतात. तथापि पिवळ्या पिशवीतील कचरा भट्टीत जातो व पारद भट्टीतही नष्ट होत नाही. म्हणून रसकल्प त्या पिशवीत न टाकता वेगळे ठेवून पुरवठादारामार्फत उत्पादकाकडे परत करावेत. घरगुती कालबाह्य औषधांना २०१६ च्याच घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात गणले होते व दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावे, असे स्थानिक संस्थांना सांगितले होते. आपल्या गावी असे केंद्र कोठे आहे, याची चौकशी प्रत्येक वैद्याने करून तो पत्ता चिकित्सालयात लावावा.

औषधविक्रेत्यांनी दर महिन्यास साठा तपासून कालबाह्य माल ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून वेगळ्या कपाटात ठेवावा व परत केलेल्या मालाची नोंद ठेवावी. असा माल वेष्टनासह भंगारात गेल्यास नव्या दिनांकासह पुन्हा बाजारात येण्याची वाट मोकळी होते. तसेच रुग्णाने परत आणलेले औषध, अवधी शिल्लक असला तरी, दुसऱ्या रुग्णास देऊ नये. ते कोणत्या उष्णतेत, कोणत्या ओलाव्यात राहिले, हे आपणास ठाऊक नसते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुडीचा आहे. वर सांगितलेले सर्व वर्गीकरण कल्पाचे नाव माहीत असल्यावरच शक्य आहे. निनावी पुडीत सितोपलादी आहे की वत्सनाभयुक्त रस, हे घरातील कोणीही सांगू शकत नाही. विषबाधा झाल्यास रुग्णालयातील डॉक्टरांनाही ते कळत नाही. म्हणून प्रत्येक पुडीवर कल्पाचे नाव, दिल्याचा दिनांक, किती दिवसांत संपवावे हे, आणि रसयुक्त असल्यास तशी खूण लिहावी. आपला गुप्त योग उघड होईल, ही भीती रुग्णाच्या जिवापुढे गौण आहे. पहिल्या भेटीत सात दिवसांपेक्षा अधिक औषध शक्यतो देऊ नये. औषध बदलताना आधीचे उरलेले परत मागवावे. उरलेच नाही, तर विल्हेवाटीचा प्रश्नही उरत नाही.

संघटनेच्या शाखांनी वर्षातून दोनदा, स्थानिक नगरपालिका व औषधविक्रेते यांच्या सहकार्याने, रसकल्प व विषद्रव्ययुक्त कल्प परत घेण्याचा दिवस ठरवावा. रसशास्त्राविषयी समाजात शंका उपस्थित केल्या जात असताना, ही औषधे सिद्ध करण्यात जी दक्षता आपण घेतो तीच ती टाकण्यातही घेतो, हे आपल्या आचरणातून दिसले पाहिजे.