पोलादी नळ आणि विक्रेत्याची पारख

विहिरीवर पंप बसविणे किंवा नदीचे पाणी उचलून शेतात आणणे, हा शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठ्या खर्चाचा प्रसंग असतो. त्यासाठी बहुधा कर्ज काढलेले असते व त्याची फेड येणाऱ्या पिकावर अवलंबून असते. पंप घेताना चार ठिकाणी चौकशी केली जाते. नळ मात्र जेथे स्वस्त मिळेल तेथून घेतला जातो. पुढे ऐन चैत्रात नळ आट्यांजवळ फुटतो, पाण्याची पाळी चुकते आणि नळावर वाचविलेल्या रकमेच्या कितीतरी पट नुकसान उभ्या पिकात सोसावे लागते. हे टाळावयाचे असल्यास नळाची व तो विकणाऱ्याची पारख आधीच केली पाहिजे.

जमिनीखालून पाणी नेण्यासाठी आता प्लॅस्टिकचे नळ सर्रास वापरले जातात. तथापि विहिरीतील उभा नळ, ओढ्यावरून नेलेला नळ किंवा खडकाळ जागी उघडा राहणारा नळ यांसाठी पोलादी नळाची गरज अजूनही भासते.

नळ कसा तयार होतो?

पोलादाची लांब पट्टी गोल वळवून तिच्या दोन्ही कडा विजेच्या प्रवाहाने तापवितात व दाबून एकजीव करतात. हाच वेल्डिंगचा नळ होय. कडा नीट जुळल्या असतील तर सांधा बाकीच्या पोलादाइतकाच टिकतो. घाईने जुळविल्या असतील तर नळ प्रथम तेथेच उकलतो. म्हणून चांगल्या कारखान्यात प्रत्येक नळाची पाण्याच्या दाबाखाली परीक्षा घेतली जाते.

अशा नळांसाठी आय. एस. १२३९ हे भारतीय मानक आहे. त्यात हलका, मध्यम व जड असे तीन वर्ग असून ते अनुक्रमे पिवळ्या, निळ्या व तांबड्या पट्ट्याने ओळखले जातात. रंगाचा पट्टा कोणासही ओढता येतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

जाडीचे महत्त्व

या मानकाप्रमाणे नळाची परीक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० किलो दाबाखाली होते. पाणी ६० मीटर उंच चढवावयाचे झाल्यास स्थिर पाण्याचा दाब अवघा ६ किलोच्या आसपास असतो. मग जाड नळ कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर आट्यांत व गंजात आहे. ८० मिलिमीटर व्यासाच्या मध्यम नळाची जाडी ४ मिलिमीटर व हलक्या नळाची ३.२ मिलिमीटर असते. आटे पाडताना सुमारे दीड मिलिमीटर धातू कापला जातो. म्हणजे मध्यम नळात आट्यांखाली अडीच मिलिमीटर धातू उरतो. हलक्यात जेमतेम पावणेदोन. विहिरीतील नळाचा व त्यातील पाण्याचा भार याच आट्यांवर लोंबतो आणि गंजही येथेच प्रथम धरतो.

हलका नळ हा स्वतः खोटा माल नव्हे. मध्यम म्हणून हलका गळ्यात मारणे, ही खरी फसवणूक होय.

वजनाचा हिशेब

ही फसवणूक ओळखण्याचे सोपे साधन म्हणजे काटा. ८० मिलिमीटर व्यासाचा मध्यम नळ दर मीटरला सुमारे ८.४ किलो भरतो व हलका सुमारे ६.८ किलो. सहा मीटर लांबीचे दहा नळ घेतल्यास मध्यम वर्गाचे वजन सुमारे ५०० किलो व हलक्याचे सुमारे ४०० किलो होईल. दर किलोस ७० रुपये धरल्यास हा फरक सुमारे ७,००० रुपयांचा होतो. मानकात जाडी व वजन यांत थोडी सूट आहे. परंतु मध्यम म्हणून घेतलेला हा माल ४५० किलोंपेक्षा कमी भरला, तर तो स्वीकारू नये. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळाचे वजन किंचित अधिकच भरावयास हवे. म्हणून भावाची तुलना दर मीटरवर न करता दर किलोवर करावी.

सांध्याची परीक्षा

नळाच्या टोकाचे दोन बोटे रुंदीचे कडे कापून घ्यावे व सांधा बाजूस येईल अशा रीतीने ते ऐरणीवर ठेवून हळूहळू चेपावे. ८० मिलिमीटर नळाचा बाहेरचा व्यास सुमारे ८९ मिलिमीटर असतो. तो ६७ मिलिमीटरपर्यंत दबेतो सांधा उकलता कामा नये. त्याआधी सांधा उकलला तर तो माल घेऊ नये.

विक्रेता कसा असावा?

विश्वासू विक्रेता गोड बोलण्यावरून ओळखता येत नाही. पैसे देण्यापूर्वी माल मोजू व तोलू देतो, तो विश्वासू. त्याच्याबाबत पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. नळावर कारखान्याचे नाव, आय. एस. आय. चिन्ह व परवाना क्रमांक स्पष्ट असावा. हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बी. आय. एस. केअर' या मोबाइल ॲपवर पडताळून पाहता येतो.

२. कारखान्याचे चाचणी-प्रमाणपत्र विक्रेत्याने दाखवावे व ते याच मालाचे असल्याची खात्री करून द्यावी.

३. पक्क्या पावतीवर मानक क्रमांक, वर्ग, व्यास, जाडी, लांबी व वजन लिहून द्यावे. 'लोखंडी पाईप, १० नग' एवढीच पावती स्वीकारू नये.

४. सदोष नळ बदलून देण्याचे त्याने लेखी मान्य करावे.

५. पूर्वी त्याच्याकडून नळ घेतलेल्या दोन-तीन शेतकऱ्यांचा अनुभव विचारावा. तोही निदान चार-पाच पावसाळे जुना असावा.

पावतीला कारण आहे. उपजीविकेसाठी स्वतः शेती करणाऱ्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. कागद नसेल तर खरी तक्रारही सिद्ध करणे कठीण जाते.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

एकट्या शेतकऱ्यास विक्रेत्यापुढे काटा मागण्याचा संकोच वाटतो. दहा शेतकऱ्यांनी मिळून खरेदी केल्यास तो संकोच राहत नाही व भावही बरा मिळतो. कार्यकर्त्याने हंगामापूर्वी अशी गरज एकत्र करावी, जाडी मोजण्याचे कॅलिपर ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीत ठेवावे आणि माल गाडीतून उतरण्यापूर्वी वजनकाट्यावर जाईल याची काळजी घ्यावी. प्रामाणिक विक्रेत्यास याचा राग येणार नाही. काट्यास नकार देणाऱ्याच्या दारातून शेतकऱ्याने परत फिरावे.