धावपटूंचे स्पर्धापूर्व भय : निदान, आश्वासन आणि औषधविवेक

गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रात हौशी धावपटूंची संख्या पुष्कळ वाढली. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आणि मुंबई मॅरेथॉन २००४ पासून सुरू असली, तरी दीर्घ अंतर धावणे हा दीर्घकाळ शहरी व निवडक लोकांचाच विषय मानला जात असे. आता तालुक्याच्या गावीही पहाटे धावणारे तरुण दिसतात. लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावात त्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पदक नसून पोलीस भरतीचे मैदान असते. पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते आणि मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावेवर अवलंबून असतात. घरची कोरडवाहू शेती, वाढते वय आणि वर्षभराची मेहनत काही मिनिटांत पणाला लागते. म्हणून हौशी मॅरेथॉनपटूला आदल्या रात्री वाटणारी धाकधूक या मुलामुलींत अनेकपटींनी तीव्र आढळते.

हे रुग्ण आपल्याकडे ‘मला भीती वाटते’ असे म्हणत येत नाहीत. ‘दोन दिवसांपासून पोट बिघडले आहे’, ‘झोप लागत नाही’, ‘छातीत धडधडते’ अशा तक्रारी ते सांगतात. काही जण तर थेट औषधाच्या दुकानात जाऊन ‘स्टॅमिन्याचे काहीतरी द्या, उद्या ग्राउंड आहे’ अशी मागणी करतात. त्यामुळे हा विषय वैद्य व औषधविक्रेता या दोघांच्याही नित्य व्यवहारातील आहे.

शास्त्रदृष्ट्या पाहता या अवस्थेचे वर्णन आपल्या ग्रंथांत स्पष्टपणे आले आहे. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात अतिसाराचे सहा प्रकार मानले असून त्यांत भयज व शोकज असे दोन मानस हेतूंनी होणारे अतिसार स्वतंत्र सांगितले आहेत. भयाने वायू त्वरित प्रकुपित होतो व मलप्रवृत्ती वाढते. यावर वातहर उपचारांच्या जोडीने हर्षण व आश्वासन ही चिकित्सा त्यांनी सांगितली आहे. पन्नास मुले शौचालयासमोर रांगेत उभी आहेत आणि शिट्टी व्हायला अर्धा तास उरला आहे, हे मैदानावरचे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला या वर्णनाची यथार्थता वेगळी पटवून द्यावी लागत नाही. आधुनिक शरीरक्रियाविज्ञान हेच ताणाला शरीर देत असलेल्या प्रतिसादाच्या भाषेत सांगते. हृदयगती वाढते, मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, तोंड कोरडे पडते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थोडे भय अपायकारक नसते. यर्किस व डॉडसन यांनी १९०८ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले की विशिष्ट मर्यादेपर्यंतची उत्तेजना कार्यक्षमता वाढविते व त्यापुढे ती घटविते. प्रयत्न, ऊर्जा व बल ही उदान वायूची कर्मे आहेत. स्पर्धेपूर्वीची किंचित अस्वस्थता ही त्याचीच पूर्वतयारी समजावी. धावपटूला ‘घाबरू नकोस’ असे सांगितल्याने भय जात नाही. उलट आपण घाबरलो आहोत, ही नवी चिंता त्यात भर घालते. ‘ही धडधड शरीर तयार होत असल्याची खूण आहे, पहिल्या दोनशे मीटरमध्ये ती ओसरेल’, असे सांगणे अधिक उपयोगी पडते, आणि ते खरेही आहे.

मात्र ते खरे आहे की नाही, याची खात्री करणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य होय. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावेदरम्यान काही उमेदवार मृत्युमुखी पडले. पुढे भरतीतील धावेचे अंतर कमी करण्यात आले. अशा घटना स्मरणात ठेवून प्रत्येक धडधडीला भय हे लेबल लावण्याचा मोह टाळला पाहिजे. भेद करण्याची एक सोपी पण मोलाची खूण आहे. भयाची लक्षणे विश्रांतीत, स्पर्धेच्या आधी येतात व धावू लागल्यावर कमी होतात. हृदयविकाराची लक्षणे श्रमाबरोबर वाढतात. धावताना चक्कर येऊन पडणे, श्रमात छाती दुखणे, बरोबरीच्या मुलांपेक्षा फारच लवकर दम लागणे, घराण्यात तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी एकही गोष्ट आढळली तर आश्वासन देत बसू नये. नाडी व रक्तदाब पाहावा, हृदयध्वनी ऐकावेत आणि ईसीजी व तज्ज्ञांच्या तपासणीसाठी पाठवावे. तोपर्यंत धावणे बंद ठेवावे. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार वरून धडधाकट दिसणाऱ्या तरुणातही असू शकतो. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने त्याविषयीही आवर्जून विचारावे, कारण केवळ वाहक असणाऱ्या व्यक्तीतही उष्णतेत अतिश्रम झाल्यास गंभीर उपद्रव नोंदले गेले आहेत. ज्वर, रक्तयुक्त मल किंवा उलट्या असतील तर तो अतिसार भयज नव्हे. अशा रुग्णास मैदानावर जाऊ देऊ नये.

आता औषधांकडे वळू. या प्रश्नावर आपल्या व्यवसायात म्हणावी तितकी चर्चा होत नाही, असे आमचे मत आहे.

भयज अतिसाराची तक्रार घेऊन आलेल्या धावपटूस सवयीने जातिफलादि चूर्ण दिले जाते. या चूर्णात भांग हा मोठा घटक आहे. कर्पूर रसात अहिफेन आहे. भांगेतील द्रव्ये व अफूतील मॉर्फीन स्पर्धाकाळात निषिद्ध असून लघवीच्या तपासणीत सापडतात. भांगेचे अंश तर काही दिवस टिकतात. ‘ताकद’ म्हणून मागितल्या जाणाऱ्या विषतिंदुक वटीत, तसेच अग्नितुंडी वटीत कुचला आहे. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहे. शोधनाने त्याची तीव्रता कमी होते, ते नाहीसे होत नाही. याला इतिहासही आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या थॉमस हिक्सला वाटेत ब्रँडी व अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्निन देण्यात आले होते. तो शर्यत संपवून कोसळला. श्वासावरील काही योगांत वापरली जाणारी सोमलता इफेड्रिनयुक्त आहे व ठराविक प्रमाणापलीकडे तेही निषिद्ध आहे.

हौशी धावपटूची तपासणी कोण करणार, असा प्रश्न येईल. परंतु आज जिल्हा पातळीवर धावणारी मुलगी उद्या राज्य वा राष्ट्रीय स्पर्धेत उतरू शकते, आणि तेथे ‘वैद्यांनी दिले होते’ हा बचाव मान्य होत नाही. शिवाय तपासणीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी उष्म्यात, घाम गाळीत, पूर्ण वेगाने धावणाऱ्या देहात कुचला किंवा धत्तुरा असलेले कल्प देणे हे चिकित्सेच्या दृष्टीनेच अयोग्य आहे. धत्तुऱ्याने घाम रोखला जातो. अशा वेळी याहून धोक्याचे काय असावे? ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये समाविष्ट आहेत व वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते. औषधविक्रेत्यांनी ती सूचना गिऱ्हाइकाला वाचून दाखवावी. घटकांची यादी नसलेली ‘स्टॅमिना’ची पुडी तर दुकानात ठेवूच नये.

अश्वगंधा निषिद्ध नाही. पण आदल्या संध्याकाळी दिलेल्या अश्वगंधेने सकाळी बल येत नाही. द्यावयाचीच असेल तर सहा ते आठ आठवडे आधी, पचन पाहून व चालू असलेल्या थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्यांची चौकशी करून द्यावी. स्पर्धेच्या आठवड्यात नवे औषध, नवा आहार, स्नेहपान व शोधन हे सर्व वर्ज्य समजावे.

मग करावे काय? चरकाचार्यांनी विमानस्थानात सत्त्वानुसार पुरुषांचे प्रवर, मध्यम व अवर असे भेद केले आहेत. मध्यमसत्त्व व्यक्ती इतरांना सहन करताना पाहून किंवा इतरांच्या आधाराने स्वतःला सावरते. आपल्याकडे येणारे बहुसंख्य धावपटू याच वर्गातील असतात. म्हणून एकट्याने सराव करणाऱ्यास गटात धावण्यास सांगावे. शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा भरतीच्याच वेळी, त्याच बुटांत, घड्याळ लावून आणि चार लोक पाहत असताना पूर्ण अंतर धावावे. भय हे बहुधा अपरिचिताचे असते व परिचयाने ते झिजते. १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या. मनाला एका वेळी एकच फेरी द्यावी. व्यायाम अर्धशक्तीनेच करावा, हे सुश्रुत व वाग्भट यांचे मत रोजच्या सरावासाठी मार्गदर्शक मानावे. पूर्ण जोर आठवड्यातून एखादे दिवशी पुरेसा होतो. भयापोटी शेवटच्या आठवड्यात दुप्पट धावणारी मुले थकूनच मैदानावर पोचतात.

आदल्या रात्री झोप कमी लागली तरी फारसे बिघडत नाही, त्यापूर्वीच्या पाच-सहा रात्री महत्त्वाच्या. इतके सांगितल्यानेच पुष्कळांना झोप लागते. पादाभ्यंग करावा. सवय असेल तर कोमट दूध घ्यावे. सकाळी धावण्यापूर्वी दोन तास भाताची पेज किंवा केळे असे हलके अन्न पुरे. हरभरा, ठेचा व भरपूर भाकरी टाळावी. मलवेग रोखू नये, एक-दोन वेळा जावे लागले तरी स्तंभन देऊ नये. रांगेत उभे असताना श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडावा. भस्त्रिका व कपालभाती तेथे नकोत, त्यांनी धडधड वाढते. लांब अंतराच्या शर्यतीत तहानेच्या भयाने सतत पाणी पिणेही घातक ठरते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या तपासणीत १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम कमी आढळले होते. तहानेनुसार प्यावे.

याच जिल्ह्याशी मूळ नाते असलेल्या लता भगवान करे यांचे उदाहरण धावपटू मुले आपल्याला सांगतात. साठी ओलांडलेली ही बाई आजारी पतीच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावली व जिंकली. त्यांच्या जीवनावरील चित्रपट २०२० मध्ये प्रदर्शित झाला, त्यात त्यांनी स्वतःच भूमिका केली. त्यांच्या धैर्याविषयी आदरच आहे. तथापि साठीतील व्यक्तीने तपासणीशिवाय, तयारीशिवाय शर्यतीत उतरावे, असा सल्ला त्यातून कोणी काढू नये. गुडघे व हृदय यांची परीक्षा करूनच ज्येष्ठांना परवानगी द्यावी.

भरतीचे वेळापत्रक जाहीर झाले की दुकानातील गर्दी वाढते. त्या आठवड्यांत वैद्य व शेजारचा औषधविक्रेता यांनी आधीच बोलून ठेवावे की ‘उद्या ग्राउंड आहे’ म्हणणाऱ्यास काउंटरवरून काही न देता प्रथम दवाखान्यात पाठवायचे, आणि दवाखान्यात त्याची नाडी, रक्तदाब व वरील चार प्रश्न यांसाठी दहा मिनिटे राखून ठेवायची. या दहा मिनिटांचे शुल्क घेऊ नये, अशी आमची विनंती आहे.