क्रिमिनॉलॉजीच्या वर्गात जाण्याआधी

उन्हाळा सरत आला की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलीचा नाहीतर भाच्याचा फोन येतो. "ताई, क्रिमिनॉलॉजीच्या एमएला नंबर लागलाय. वर्ग सुरू होईपर्यंत काय करू?" मी सोलापूरची. हाच अभ्यासक्रम करून सध्या कच्च्या कैद्यांच्या जामिनाचं काम करते. दरवर्षी फोनवर तेच तेच सांगते, म्हणून या वेळी लिहून काढलं. गुन्हेगाराबद्दलचं कुतूहल तुमच्याकडे आहेच, नाहीतर या वाटेला आलाच नसता. सुट्टीत लावून घ्यायची आहे ती दुसरी सवय: पोलीस, कोर्ट आणि तुरुंग या यंत्रणेकडे बारकाईनं पाहण्याची.

१. आपण नेमके कुठे चाललोय ते आधी पाहा

नातेवाईक विचारणारच, "म्हणजे आता सीआयडीत का?" त्यांना काहीही सांगा, पण स्वतःला नीट ठाऊक असू द्या. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा कल प्रयोगशाळेकडे आणि तपासाकडे. सागरच्या विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी आणि न्यायवैद्यक शास्त्र एकाच विभागात नांदतात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हा विषय समाजकार्याच्या अंगानं शिकवला जातो, तर एलएलएमला गेलात तर सगळा भर कायद्यावर. पेपरांची यादी घेऊन बसा आणि संख्याशास्त्र, कायदा, मानसशास्त्र, फील्डवर्क यांत कशाला किती जागा आहे ते पाहा. फील्डवर्क असेल तर पुस्तकांआधी दणकट चपला घ्या.

२. जुनं आणि नवं कलम शेजारी शेजारी लिहा

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ आहे, खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ आता १०९, चोरीचं ३७९ आता ३०३. ज्याच्यावरून आपण शाळेत एकमेकांना चिडवलं ते ४२० आता ३१८मध्ये बसलंय. पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू राहते, आणि तुम्ही वाचाल ते बहुतेक निकाल, शोधनिबंध, आत्मकथनं जुन्या आकड्यांत बोलतात. म्हणून एका वहीत दोन रकाने आखा. सगळी कलमं पाठ करायची गरज नाही. शंभरेक नेहमीची पुरतात. एक नवी गोष्ट मात्र अधोरेखित करा: किरकोळ गुन्ह्यांसाठी सामुदायिक सेवा ही शिक्षा आता कायद्यात आली आहे. तिची अंमलबजावणी कशी होते, यावर अभ्यासाला भरपूर वाव आहे.

३. आकड्याआधी मोजायची पद्धत वाचा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 'क्राइम इन इंडिया' हा अहवाल १९५३ पासून निघतो. बातम्यांत त्यातले आकडे येतात, त्याच्या सुरुवातीच्या सूचना येत नाहीत. एकाच एफआयआरमध्ये चोरी आणि खून दोन्ही असतील तर मोजणीत फक्त सर्वांत गंभीर गुन्हा, म्हणजे खून, धरला जातो. शिवाय हे सगळे नोंदवलेले गुन्हे. ठाण्यात फिर्याद घेतलीच नाही, किंवा अदखलपात्र म्हणून एनसीवर भागवलं, तर तो प्रसंग या आकड्यांत शिरतच नाही. त्यामुळे एखाद्या शहरात महिलांवरील गुन्हे 'वाढले' असं वाचलं की दोन शक्यता एकदम मनात यायला हव्यात: अत्याचार वाढले असतील, किंवा तक्रार करायचं धाडस आणि ती नोंदवून घेणारे पोलीस वाढले असतील. कुठली खरी, ते एकट्या आकड्यावरून ठरत नाही.

४. सिद्धान्त आपल्या मातीत रोवून वाचा

पुस्तकं बेकारिया या विचारवंताच्या ग्रंथापासून सुरू होतात, म्हणजे १७६४ पासून. पुढे इटलीचा डॉक्टर लोम्ब्रोसो येतो. माणूस जन्मतःच गुन्हेगार असू शकतो, चेहऱ्यामोहऱ्यावरून तो ओळखता येतो, असं सांगणारं त्याचं पुस्तक १८७६चं. आता त्याच्या शेजारी १८७१ लिहा. लोम्ब्रोसोचं पुस्तक यायच्या आधीच इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा करून आख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या होत्या. माझ्या गावात 'सेटलमेंट' हा रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता आहे. काटेरी कुंपणात या जमातींना कोंडून, हजेरी घेऊन ठेवलं जायचं ती ही जागा, हे शहरातल्या कित्येकांच्या गावीही नसतं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या; पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायची सवय त्या दिवशी संपली नाही. शिकागोचा समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यानं १९६३ साली शिक्का मारण्याबद्दल जे मांडलं, ते समजायला महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला शिकागोपर्यंत जावं लागत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सदरलँडनं १९३९च्या भाषणात पांढरपेशा गुन्हेगारीकडे बोट दाखवलं. ते वाचताना आपल्याकडच्या बुडालेल्या पतसंस्था आठवा. ठेवीदाराचे पैसे गेले, पण त्या संचालकाला 'गुन्हेगार' म्हणताना आपली जीभ का अडखळते, हा क्रिमिनॉलॉजीचाच प्रश्न आहे.

५. मराठी आत्मकथनं अभ्यास म्हणून वाचा

वर आलेल्या विमुक्त जमातींतली ही तीन घ्या: लक्ष्मण माने यांचं 'उपरा', लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या', भीमराव गस्ती यांचं 'बेरड'. बारावीत कुणी वाचायला दिली असतील तर पुन्हा वाचा, या वेळी हातात पेन्सिल घेऊन. पोलीस घरात कधी येतात, कुणाला उचलतात, सुटण्यासाठी काय द्यावं लागतं, शाळेत नाव घालताना काय होतं, याच्या समासात खुणा करा. इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्या व्याख्यांना इतकी भक्कम उदाहरणं दुसरीकडे मिळणार नाहीत.

६. कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा

फौजदारी कोर्ट कायद्यानं खुलं असतं. बलात्काराचे खटले आणि न्यायाधीशांनी बंद दरवाजाआड चालवायचे ठरवलेले खटले सोडले, तर कुणीही बसू शकतं. फोन बंद ठेवा आणि टिपणं घरी येऊन काढा. सिनेमातली उलटतपासणी क्वचितच दिसेल. दिसतील त्या तारखा. साक्षीदार आला नाही, तारीख. आरोपीला तुरुंगातून आणायला पोलीस मिळाले नाहीत, तारीख. पुकारा झाल्यावर कुणाचा वकील धावत येतो आणि कुणाच्या बाजूनं कुणीच उठत नाही, हे पाहा. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे दर चारांतले तीन. हा आकडा कसा तयार होतो ते त्या बाकावरून दिसतं.

७. तुरुंगाची घाई करू नका

प्रवेश मिळाला की सगळ्यांना आधी येरवडा पाहायचा असतो. परवानगीशिवाय ते होत नाही, आणि संस्थेमार्फत जाल तेव्हा प्रश्न तयार असलेले बरे. तोवर सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरबद्दल वाचा. औंध संस्थानानं १९३९ साली तिथे खुली वसाहत सुरू केली; कैदी तिथे कुटुंबासह राहून शेती करतात. शांतारामबापूंचा १९५७चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून सुचला. सिनेमा पाहाच, पण पाहून झाल्यावर विचारा: या वसाहतीत कुणाला पाठवतात, कुणाला नाही आणि ते कोण ठरवतं?

८. "काय केलंस?" हा प्रश्न गिळायला शिका

कच्च्या कैद्याशी बोलताना तो प्रश्न त्याच्या खटल्याला घातक ठरू शकतो आणि तुमच्या कामाला बहुधा लागत नाही. घरी कोण आहे, शेवटची मुलाकात कधी झाली, वकील भेटला का, इथून सुरुवात करा. जे हातात नाही त्याचं वचन देऊ नका. कुणाचं नाव, कुणाची केस जेवणाच्या टेबलावर सांगू नका, मैत्रिणीलाही नाही. आणि पीडितांना विसरू नका. बलात्कार आणि अॅसिडहल्ल्याच्या पीडितांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. तिचे नियम वाचून ठेवा, फील्डवर्कमध्ये कुणीतरी विचारतंच. काही फायली रात्री झोपू देणार नाहीत. त्यासाठी मार्गदर्शक शिक्षक असतात. त्यांच्याशी बोलणं हाही अभ्यासाचाच भाग आहे.

९. एक लहान प्रश्न लिहून न्या

'भारतातील गुन्हेगारीची कारणे' असले विषय घेऊन वर्गात जाऊ नका. उत्तर शोधता येईल एवढा लहान प्रश्न न्या. माझ्या कामातलाच एक देते: जामीन मंजूर झालेला माणूस प्रत्यक्ष बाहेर यायला किती दिवस लागतात? आदेश झाला तरी जामीनदार नाही, असला तर त्याच्याकडे कागद नाहीत, म्हणून माणसं आतच राहतात. सुटका सात दिवसांत झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ला सांगितलं आहे. तुमच्या जिल्ह्यात तसं कळवलं जातं का? कुठल्या रजिस्टरात लिहिलं जातं, आणि ते पाहायला अर्ज कुणाकडे करायचा? एवढं शोधून पहिल्या तासाला आलात, तर प्राध्यापक तुमचं नाव त्याच दिवशी लक्षात ठेवतील.