संकरित पिकअप आणि टायरांची झीज

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविलेली असते. रस्त्याची झीज ती सोसते. झिजली म्हणजे बदलता येते, आणि चाक शाबूत राहते. मोटारीचा टायर हीही एक प्रकारची धावच होय. मोटारीचे एंजिन कितीही प्रगत असो, रस्त्याशी तिचा संबंध येतो तो तळहाताएवढ्या चार रबरी ठशांपुरताच.

अमेरिकेत पिकअप, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, घरगुती वापरासाठीही फार लोकप्रिय आहे. फोर्ड कंपनीने २०२१ साली ‘मॅव्हरिक’ नावाची लहान पिकअप बाजारात आणली. तिच्या एका प्रकारात २.५ लिटरचे पेट्रोल-एंजिन व विद्युत्-मोटर यांची सांगड घातलेली आहे. अशा गाडीस संकरित किंवा हायब्रिड गाडी म्हणतात. गाडी मंदावताना मोटर जनित्राचे काम करते आणि गतीची ऊर्जा विजेच्या रूपाने बॅटरीत साठते. त्यामुळे पेट्रोल वाचते व ब्रेकच्या पट्ट्याही दीर्घकाळ टिकतात.

मग टायरही तितकेच टिकतील काय? नाही. चाकाला ब्रेकची पट्टी अडवो की मोटर अडवो, गाडी थांबविणारे बल अखेर रस्ता व रबर यांच्या स्पर्शातूनच मिळावे लागते. रबर किंचित घसरल्यावाचून हे बल उत्पन्न होत नाही. आणि जेथे घसरण, तेथे झीज. शिवाय बॅटरी व मोटर यांचे वजनही टायरांनाच पेलावे लागते.

ही झीज किती सूक्ष्म असते, हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. नव्या टायरच्या खाचा सुमारे ८ मिलिमीटर खोल असतात. त्या १.६ मिलिमीटर उरल्या म्हणजे टायर बाद करावा, असा अमेरिकेतील बहुतेक राज्यांचा दंडक आहे. कारण उथळ खाचा पावसाचे पाणी बाहेर टाकू शकत नाहीत व गाडी पाण्यावर तरंगू लागते. समजा, उरलेले ६.४ मिलिमीटर रबर ६४,००० किलोमीटर पुरले. म्हणजे १०,००० किलोमीटरला १ मिलिमीटर झीज झाली. एवढ्या अंतरात चाकाचे सुमारे ४४ लाख फेरे होतात. तेव्हा दर फेऱ्यास सरासरीने एकदोन अणूंच्या जाडीइतकेच रबर जाते! तरीही १,६०,००० किलोमीटर चालताना गाडी दोन संच संपवून तिसरा निम्मा झिजवील.

चारही टायर सारखे झिजत नाहीत. आरंभीच्या संकरित मॅव्हरिकमध्ये एंजिन व मोटर पुढच्याच चाकांना गती देत. वळण घेणे व वीज साठविणारे गतिरोधन हे भारही त्यांच्यावरच. म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. यास्तव दर ८,००० ते १२,००० किलोमीटरला पुढचे टायर मागे व मागचे पुढे घालावेत. हवा कमी असल्यास टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असल्यास मधला भाग. आणि चाकांची जुळणी बिघडल्यास एकच कड.

झिजलेले रबर जाते कोठे? पावसाबरोबर ते नाल्यांत व ओढ्यांत उतरते. अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या परिसरात कोहो जातीचे सॅमन मासे पावसानंतर अंडी घालण्यापूर्वीच मरत. ओझोनमुळे रबराला तडे जाऊ नयेत म्हणून टायरमध्ये ६-पीपीडी हे द्रव्य मिसळतात. ओझोनशी संयोग होऊन त्यापासून बनणारे क्विनोन या माशांना मारते, असे २०२० साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

तात्पर्य, संकरित गाडीने धुराड्यातून होणारा अपव्यय कमी केला. चाकाखालचा मात्र तसाच राहिला. तो कमी करणे बव्हंशी चालकाच्या हाती आहे. महिन्यातून एकदा टायर थंड असताना हवा तपासावी, खाचांची खोली मोजावी आणि एकाएकी वेग घेणे टाळावे. वाचविलेला प्रत्येक मिलिमीटर मालकाचा पैसा वाचवितो आणि ओढ्याचे पाणीही.