तिकिटावरची वेळ आणि खरा प्रवास

दुबईला माल पाहण्यासाठी प्रथमच जाणारे आपले व्यापारी व कारागीर बंधू तिकिटावरील वेळेने हमखास फसतात. समजा, विमान मुंबईहून सकाळी १० वाजता सुटते व दुबईस ११.३० ला उतरते. म्हणजे दीड तासाचा प्रवास? नव्हे. तिकिटावर ज्या त्या शहराची स्थानिक वेळ असते आणि दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. उतरताना आपल्याकडे एक वाजलेला असतो. प्रवास तीन तासांचा झाला. परतीत तेच तीन तास कागदावर साडेचार दिसतात! जेद्दाचा फरक अडीच तासांचा.

मुंबई-दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. पण गंगाखेडकरांचा वेळ जातो तो जमिनीवर. आधी परभणी, तेथून रात्रभर रेल्वे, मग विमानतळावर तीन तास अगोदर हजेरी, उतरल्यावर पुन्हा रांग. तेव्हा देरा भागातील घाऊक दुकानदाराची भेट त्याच दुपारी ठरवू नये. दुसऱ्या दिवशीची ठरवावी व वेळेपुढे ‘दुबई वेळ’ असे लिहून घ्यावे. येथून सकाळी अकराला फोन केला, तर तेथे साडेनऊच वाजलेले असतात.